काळ्या मोटारीचा भाव

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी उभ्या जन्मात कुठल्या दुकानदाराला "केवढ्याला दिलं?" असं विचारलेलं मी ऐकलं नाही. त्यांना घरात सगळे आक्का म्हणायचे. केडगावच्या बाजारात साधा तांब्या घ्यायचा असला तरी आक्का तो हातात धरून नुसत्या उभ्या राहायच्या. भांडीवाला कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला की ह्यांचे कान टवकारायचे. ते गिऱ्हाईक घासाघीस करून निघून गेलं की मागे भांडीवाला शेजाऱ्याजवळ काय पुटपुटतो ते ऐकायचं आणि मगच तोंड उघडायचं. तोवर उन्हात आमच्या पायांचे तुकडे पडायचे. मी वैतागून म्हणायचे, "अहो आक्का, विचारा की त्याला सरळ!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "इचारलं की माणूस इचारणाऱ्याचं त्वांड बघून सांगतो गं. मला वस्तूचा भाव पायजे, माज्या त्वांडाचा नगं."

त्यांचं माहेर शिरूर. वडील बैलांचे व्यापारी. लहानपणी आक्का बाजाराच्या दिवशी वडिलांची भाकरी घेऊन जायच्या आणि संध्याकाळपर्यंत गाडीच्या सावलीला बसून राहायच्या. कुणाच्या सुनेला ओव्या येतात, कुणाच्या सुनेला रांगोळ्या येतात. आमच्या आक्कांना बाजार यायचा. त्या सांगायच्या, बैल दावणीला उभा असला की जो तो त्याच्या खोडी काढतो. दात गेलेत, खूर फाटलाय, डाव्या डोळ्यात पाणी आहे. तोच बैल विकून दावं सुटलं की तीच माणसं कपाळाला हात लावतात. एवढ्याला गेला? अरारा! माझ्या सासूबाईंना ही असली बोलणी मुळीच आवडायची नाहीत. "बाईच्या जातीनं बैलाचं दात मोजू ने," असं त्या म्हणायच्या, आणि गोठ्यात नवा बैल आला की हळूच आक्कांनाच बघायला पाठवायच्या.

आता मोटारीचं सांगते. थोरल्या दिरांचा दौंडला गुळाचा व्यापार होता. इंग्रज गेले तेव्हा दौंडच्या रेल्वेतला एक साहेब आपलं चंबूगबाळं विकून विलायतेला निघाला, त्याच्याकडून त्यांनी ही मोटार घेतली. कुठल्या कंपनीची होती हे मला आजही नीट सांगता येणार नाही. आमच्या राहू गावात तिला काळी मोटारच म्हणायचे. लांबलचक नाक, दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फळ्या, मागच्या खिडकीला निळा पडदा. चालवायला दौंडचे इब्राहिमभाई. ते गाडीला "बेटी" म्हणायचे, आणि कुणी दरवाजा जोरात लावला की स्वतःलाच लागल्यासारखं तोंड करायचे. दसऱ्याला मोटारीची पूजा झाली तेव्हा थोरले दीर आबांसमोर, म्हणजे आमच्या सासऱ्यांसमोर, चारचौघांत म्हणाले होते, "जमीन समद्यांची. मोटार मातुर हिची." आक्का लाजून आत पळाल्या. एवढी भाव करणारी बाई, पण त्या दिवशी गुळाच्या ढेपेसारखी विरघळली होती!

मग एका पौषात थोरले दीर बसल्या जागी गेले. दुखणं नाही, खुपणं नाही. मूलबाळ नव्हतं. सासूबाई त्यांच्या आधीच गेल्या होत्या. तेरावं झालं आणि कोठीच्या किल्ल्या कुणी काही न बोलता माझ्या कमरेला आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्या आक्कांपुढे धरल्या तर त्यांनी माझाच हात मिटला. म्हणाल्या, "तुजं चुकत न्हाई, धाकटे. पर मला आता ह्या चुलीवर भाकरी थापायची न्हाई. आज तू हायस. उद्या तुजी सून यील, ती म्हनंल, ही म्हातारी कोन? मला माजी चूल पायजे, एकलीपुरती का व्हईना."

त्यांनी मनात काय धरलं होतं ते फक्त मला ठाऊक होतं. दौंडला स्टेशनच्या मागे एक पिठाची गिरणी विकायची होती. मागे राहायला एक खोली, दारात नळ. मालक लेकाकडे निघाला होता. चार हजार म्हणत होता, आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो असं त्यानं सांगितलं होतं. त्यानंतर ज्याचे पैसे आधी येतील त्याची गिरणी. आक्कांजवळ मोटारीशिवाय काही नव्हतं. मोटार चार हजाराला गेली तर आक्का स्वतःच्या दारात बसणार, नाही तर आमच्या माजघरात जन्म काढणार. इतकं ते सरळ होतं.

आणि नेमका त्याच मोटारीवर आमच्या ह्यांचा डोळा! तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाला हे उभे राहणार होते. सायकलवरून मतं मागणारा आणि मोटारीतून उतरणारा ह्यांत लोक फरक करतात, असं ह्यांचं म्हणणं. हे वाईट नव्हते हो. वहिनींच्या पुढ्यात कधी मान वर करून बोलले नव्हते. पण माणसाला एखादी वस्तू हवीशी झाली की तिची किंमत त्याला दिसेनाशी होते. एकदा जेवताना म्हणाले, "वैनींना दोन हजार देऊन टाकू. जुनाट डबडं हाय, दुसरं कोन घेतंय?" आतून आक्कांनी ते ऐकलं. त्या रात्री त्यांच्या पानात भात तसाच राहिला.

आबांपर्यंत गोष्ट गेली. आबा न्यायाचे होते, पण जुन्या चालीचे. म्हणाले, "मोटार थोरलीचीच. इकायची तर इकावी. पर भाव बाईमान्सानं करू ने, गावातली चार मानसं करतील." आता ती चार माणसं कोण? एक गुळाचे अडते, एक सोसायटीचे चेअरमन, आणि दोघं त्यांच्या होला हो म्हणणारे. चौघंही ह्यांच्या पारड्यात. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात बसायचं ठरलं. मी आक्कांना म्हटलं, "झालं! दोनाच्या वर जात नाही आता." विचारात पडल्या की त्या पदराचं टोक दातांखाली धरायच्या, तेवढं धरलं.

खरा भाव तरी कळावा म्हणून आम्ही दौंडला गेलो. विधवा बाईनं उगाच गावोगाव हिंडायचं नसे, म्हणून दुखायला माझी दाढ लागली! गालाला फडकं बांधून मी यष्टीत बसले. दौंडला थोरल्या दिरांच्या ओळखीचे व्यापारी होते, एक डॉक्टर होते, तंबूतला सिनेमावाला होता. आक्का कुणाकडे सुपारी द्यायला, कुणाकडे ख्यालीखुशाली विचारायला गेल्या आणि मोटारीचा विषय निघायची वाट बघत बसल्या. विषय निघायचा आणि खोडी सुरू व्हायच्या. टायर गेलेत. पेट्रोल फार पिते. सामान मिळत नाही. भंगारवाला हजार देईल. मी फडक्याआडून सगळ्यांची तोंडं बघत होते. शेवटी सिनेमावाला जरा आवाज उतरवून म्हणाला, "बाई, खरं सांगू? तुमच्या भावजींनी ती घेतल्यातच जमा आहे असं ऐकतो. त्यांच्या आड येऊन आम्हाला ह्या तालुक्यात पुन्हा तंबू ठोकता येईल का?" तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लोक मोटारीचा भाव सांगत नव्हते, ह्यांची भीती सांगत होते.

येताना आम्ही यष्टीत बसलो. वरवंड गेलं, चौफुला आला. मग आक्का एकदम म्हणाल्या, "धाकटे, बैल दावनीला हाय तवर कोन खरं बोलनार न्हाई. दावं सोडाय पायजे."

दोन दिवसांनी हे संघाच्या कामाला पुण्याला गेले आणि आक्कांनी इब्राहिमभाईंना बोलावणं धाडलं. ओसरीवर उभं राहून त्यांना सांगितलं, "मोटार इकली. शिरूरला माज्या भावाकडं पोच करा, घेनारा तिथनं न्हेईल." मी दाराआड उभी होते. खोटं, धडधडीत खोटं! इब्राहिमभाई बघतच राहिले. "कुणाला दिली, बाई?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि आक्का आत निघून आल्या. त्या माणसानं गाडी धुतली, काचा पुसल्या, खांद्यावरचा रुमाल डोळ्यांना लावत लावत पुसल्या. भीमेला तेव्हा पाणी कमी होतं. उतारावर वाळूत मोटार रुतली, बैल लावून ती पलीकडे ओढावी लागली. नदीवर धुणं धुणाऱ्या बायांनी ते पाहिलं, आणि मोटारीमागून चालत रडणारे इब्राहिमभाईही पाहिले. दिवस मावळायच्या आत राहूत झालं, शिरूरला झालं, दौंडला झालं: काळी मोटार गेली!

मला विचाराल तर त्या दिवसापासून ह्यांच्या परतण्यापर्यंतचा काळ मी कसा काढला ते माझं मला माहीत. चुलीवर दूध उतू जात होतं आणि मी बघत उभी राहत होते. हे आले ते वेशीतूनच कळून आले. पायताणासकट माजघरापर्यंत! "वैनी कुठं हायेत?" आणि माझ्याकडे वळून, "तुला ठावं व्हतं?" माझ्या तोंडातून निघालं ते असं, "तुमी दोन हजार ठरवलं तवा मला इचारलं व्हतं का? मंग आता कशाला इचारताय?" लग्नानंतर पहिल्यांदाच मी ह्यांना असं उलटं बोलले. हे गर्रकन वळले आणि चौघांना बोलावणं पाठवलं. चौघांना डावलून सौदा झाला, ह्याचा जाब आबांसमोर विचारायचा होता.

दुपारी सोप्यात बैठक बसली. आबा घोंगडीवर, समोर चौघे, हे खांबाला टेकून. आक्का माजघराच्या दारात पदर पुढे ओढून उभ्या आणि त्यांच्या मागे मी. त्यांचा हात माझ्या हातात होता. अडत्यांनी सुरुवात केली. "थोरल्या वैनी, झालं ते झालं, पर आमाला इचारायचं तरी! चाराच्या खाली म्या कुणाला त्या मोटारीला बोट लावू दिलं नसतं."

चेअरमन हसले. "चार? अहो, नव्या मोटारीला नंबर लावून मानसं वर्सानुवर्सं वाट बघत्यात. साडेचार तर कुटं गेलं नव्हतं. केवढ्याला दिली, वैनी? तीनाला? बुडालात की हो!"

दुसरे दोघं नेहमीप्रमाणे माना डोलवत होते. एक म्हणाला, विलायती लोखंड. दुसरा म्हणाला, असली चीज पुन्हा गावात येत नाही. महिन्यापूर्वी हीच माणसं आमच्या ओट्यावर चहा पीत तिला डबडं म्हणत होती! प्रत्येकाला आता आपण किती जाणते ते दाखवायचं होतं. सांगायला कुणाचं काय जात होतं? मोटार तर गेली होती. आणि ह्यांचा राग त्या प्रत्येक आकड्यागणिक चढत होता. शेवटी हे खांब सोडून पुढे आले आणि ओरडले, "साडेचार काय घिऊन बसलाय! म्या सोता पाच दिलं असतं! रोख! घरची वस्तू घरात ऱ्हायली असती!"

"मंग द्या," आक्का म्हणाल्या.

सोप्यात कुणाला काही कळेना. हे म्हणाले, "काय द्या?"

"पाच. मोटार शिरूरला माज्या भावाच्या अंगनात हुबी हाय. म्या इकली न्हाई."

ह्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल. अडते जमिनीकडे बघायला लागले, चेअरमनांना एकदम खोकला आला. हे म्हणाले, "वैनी, ह्ये फसवनं झालं."

"व्हय," आक्का म्हणाल्या. "आन् दोन हजार म्हनला, ते काय व्हतं भावजी?"

सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी पानाची चंची सोडली, पुन्हा बांधली. पान खाल्लंच नाही. मला वाटलं, आता म्हातारा आक्कांना घराबाहेर काढतो. आबा सावकाश म्हणाले, "भाव चौघांनी करायचा, आसं म्याच म्हनलं व्हतं. झाला भाव." मग दाराकडे न बघता विचारलं, "आन् पैकं घिऊन तू काय करनार, थोरले?"

आक्कांनी गिरणीचं सांगितलं. सोप्यात कुजबूज उठली. आमच्या घरची सून लोकांचं दळण दळणार? हे काही बोलायला गेले, पण आबांनी नुसता हात वर केला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. थोरला लेक गेला तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं. म्हणाले, "जा. पर सनाला येत जा."

ह्यांनी शब्द पाळला, हे मी मुद्दाम सांगते. गूळ विकून अक्षय्य तृतीयेच्या आत पाच हजार आक्कांच्या पुढ्यात ठेवले. तोंड मात्र फुगलेलं. मोटार परत आली ती इब्राहिमभाईंनीच आणली. ओसरीवर आले तेव्हा आक्कांनी त्यांच्यापुढे हात जोडले. "भाई, तुमच्याशी खोटं बोलले."

इब्राहिमभाई खरोखर दुखावले होते. म्हणाले, "खोटं बोलायचं होतं तर मला सांगून बोलायचं होतं, बाई. मी काय गावात बोंब मारली असती?"

"सांगितलं असतं तर तुमी रडला नसता," आक्का म्हणाल्या, "आन् तुमी रडल्याबिगर कुनाला खरं वाटलं नसतं."

आक्कांची ही बाजू मला कधी पचली नाही. त्यांच्यावर माझा जीव होता, पण एका भल्या माणसाचं रडणं त्यांनी बैलाच्या दाव्यासारखं वापरून घेतलं, हे खरंच आहे. इब्राहिमभाईंनी बरेच महिने आक्कांच्या गिरणीत दळण टाकलं नाही. मग एकदा आपणहून डबा घेऊन गेले, आणि आक्कांनी त्यांचं पीठ चाळून, डब्यात भरून, झाकण स्वतःच्या हातानं लावून दिलं. गिरणी चांगली चालली. आक्का शेवटपर्यंत दौंडलाच राहिल्या, सणाला येत राहिल्या, आणि माझ्या सुनेला कधी विचारावं लागलं नाही की ही म्हातारी कोण. मी भाजी घ्यायला गेले तर आजही पहिल्यांदा भाव विचारत नाही.

पण आक्का म्हटलं की गिरणीतल्या, पिठानं पांढऱ्या झालेल्या आक्का माझ्या डोळ्यांसमोर येत नाहीत. येतात त्या राहू सोडून निघाल्या त्या सकाळच्या. आबांनी ह्यांना बजावलं होतं, थोरलीला मोटारीतून पोचवा. मोटार दारात उभी राहिली. इब्राहिमभाई चालवायला, शेजारी हे. आक्कांनी देवाला नमस्कार केला, आबांच्या पाया पडल्या, बोचकं उचललं आणि मोटारीला वळसा घालून चालायला लागल्या. यष्टीचा थांबा गावाबाहेर. दुसरं गाठोडं घेऊन मी त्यांच्या मागून धावले.

मोटार आमच्या मागून यायला लागली, माणसाच्या चालीनं. हे खिडकीतून डोकं काढून म्हणत होते, "वैनी, बसा की. मानसं बघत्यात."

"बघू द्या."

"आवो, तुमचीच मोटार हाय."

"इकली," आक्का म्हणाल्या. मान वळवली नाही. "आता तुमची."

सगळी आळी दारात येऊन उभी होती. पुढे पांढऱ्या लुगड्यातल्या आक्का ताठ मानेनं चालताहेत, मागे ती लांब नाकाची मोटार गुरगुरत येते आहे, आणि मला रडू आवरत नाही. का रडत होते ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. मला वाटत होतं, ही बाई दगडाची आहे. नवऱ्यानं हौसेनं दिलेली एकुलती एक वस्तू, आणि तिच्याकडे बघतही नाही!

थांब्यावर पोचलो. मोटार आमच्याजवळ येऊन थांबली. यष्टीचा धुरळा लांबवर दिसायला लागला होता. आक्कांनी बोचकं खाली ठेवलं आणि पहिल्यांदाच मोटारीपाशी गेल्या. पुढच्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा झटकन उचलला. मग पुन्हा ठेवला, आणि तसाच राहू दिला.

"इब्राहिमभाई," त्या म्हणाल्या, "पानी घाला हिला. चालीचालीनं आनली, तापलीया."

इब्राहिमभाईंच्या आधी हेच खाली उतरले. विहिरीवरून बादली आणली, झाकण उघडलं, वाफ गेली, आणि पाणी ओतायला लागले. तेवढ्यात यष्टी आली. मी गाठोडं वर दिलं. आक्का खिडकीशी बसल्या. मी हात केला, ह्यांनी ओल्या हातानं नमस्कार केला. यष्टी वळणाआड जाईपर्यंत आक्का मागे बघत होत्या, आणि आमच्यापैकी एकाकडेही बघत नव्हत्या.